बीझेड दक्षिणेला वळला तेव्हा

८ मे २०२४ पासून १३६६४ क्रमांकाच्या सौरडागांच्या गटातून एक्स वर्गाच्या, म्हणजे सर्वांत तीव्र गटातल्या ज्वाला एकामागून एक उसळत होत्या. पृथ्वीच्या व्यासाच्या सुमारे पंधरापट पसरलेला गट. ज्वालेचे क्ष-किरण आठ मिनिटांत पोहोचतात. आमचा आलेख वर जातो तेव्हा ते येऊन गेलेले असतात. मी अंतराळातल्या हवामानाचा अंदाज वर्तवते. माझं खरं काम त्यापुढचं: ज्वालेबरोबर चुंबकित प्लाझ्माचा ढग, म्हणजे सीएमई, सुटला का आणि कुठल्या दिशेनं.

सोहो यानाच्या कोरोनाग्राफमध्ये, म्हणजे सूर्याभोवतालचं वातावरण टिपणाऱ्या दुर्बिणीत, सूर्य झाकलेला असतो. ढग आडवा निघाला तर एका अंगाला फुगवटा दिसतो, आपल्या रोखानं निघाला तर सूर्याभोवती कडं पसरत जातं. सूर्याच्या पाठीमागून निघालेल्या ढगाचंही असंच कडं दिसतं, म्हणून ज्वाला पुढच्या बाजूला होती ना, हे दर वेळी ताडून पाहावं लागतं. या वेळी शंका नव्हती. पृथ्वीकडे निघालेले किमान पाच ढग, आणि मागचे पुढच्यांहून वेगवान. एकट्या ढगाची वेळ मॉडेल बऱ्यापैकी सांगतं. ढग एकमेकांत घुसले की त्याच्यावर फार विसंबवत नाही. मी ११ मेची सुरुवात लिहिली आणि मागेपुढे सात-आठ तास धरले.

१० मेला, जागतिक वेळेनुसार दुपारी साडेचारनंतर, सूर्य आणि पृथ्वी यांच्यामधल्या एल१ बिंदूजवळच्या यानाचा आलेख तुटल्यासारखा वर गेला. सौरवाऱ्याचा वेग सेकंदाला ७०० किलोमीटरच्या घरात. ते यान पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर. हातात जेमतेम अर्धा तास.

मी वेगाकडे पाहतच नव्हते. नजर होती बीझेडवर, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचा रोख उत्तरेला की दक्षिणेला हे सांगणाऱ्या आकड्यावर; उणे म्हणजे दक्षिणेला. ढगाचा वेग आणि दिशा सूर्याजवळच मोजता येते. त्याच्या आतल्या चुंबकीय क्षेत्राचा रोख मात्र तो यानावरून जाईपर्यंत कळत नाही. रोख उत्तरेला असेल तर बराचसा मारा बाहेरच्या बाहेर निघून जातो. दक्षिणेला असेल तर त्याच्या रेषा पृथ्वीच्या रेषांशी जोडल्या जातात आणि ऊर्जा आत शिरते. दोन दिवसांच्या मेहनतीनंतरही निकाल याच एका रेघेवर असतो, आणि मला ते दर वेळी छातीत जाणवतं.

रेघ खाली गेली. पुढे ती उणे ५० नॅनोटेस्लापर्यंत उतरली. एरवी उणे १० दिसला तरी आम्ही फोन जवळ घेतो.

वीजवाहिन्यांच्या नियंत्रण कक्षात फोन लावला. १९८९च्या मार्चमध्ये अशाच वादळानं क्युबेकची वीज नऊ तास घालवली होती, त्यामुळे ‘हे काय असतं’ हे कुणाला समजावावं लागत नाही. पलीकडून एकच प्रश्न आला, “किती वेळ चालेल?”

“एकापाठोपाठ एक येताहेत. रात्रभर सावध राहा.”

काही तासांत केपी, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रातली खळबळ मोजणारा निर्देशांक, ९ या कमाल पातळीवर गेला. जी५, म्हणजे सर्वोच्च दर्जाचं वादळ, ऑक्टोबर २००३ नंतर पहिल्यांदाच. जगभरातून ध्रुवीय प्रकाशाचे फोटो येऊ लागले आणि सहकारी ते एकमेकांना दाखवत होते. मला वेगळीच बातमी लागून राहिली: अमेरिकेत ऐन पेरणीत जीपीएसवर चालणारे ट्रॅक्टर भरकटले, शेतकऱ्यांना काम थांबवावं लागलं. मी वीज, विमानं, उपग्रह सगळं लिहिलं होतं. पेरणीचं एक वाक्यही माझ्या इशाऱ्यात नव्हतं.

११ मे, १ वाजून २३ मिनिटं. त्याच गटातून एक्स५.८. पुढच्या पाळीचा माणूस येऊन उभा होता. त्याला शेजारी बसवून घेतलं आणि दोघांनी मिळून पुन्हा कोरोनाग्राफ उघडला.