पाण्याच्या पाळीला वाचलेली पुस्तकं

लग्नाआधी मी हातात पडेल ते वाचायचे. नंतर घर, मुलगी, चादर-टॉवेलच्या कारखान्यातली हिशेबाची नोकरी, यात वाचन मागे पडलं ते पडलंच. गेल्या दिवाळीनंतर पुन्हा सुरू केलं आणि यावेळी टिकलं. ते कसं टिकलं आणि वाचलेल्या पुस्तकांबद्दल मला काय वाटलं, ते लिहिते आहे. वाचायचं मनात आहे पण सुरुवात होत नाही, अशी माणसं माझ्या ओळखीतच कितीतरी आहेत.

सोलापुरात हिराचंद नेमचंद वाचनालयासारखं जुनं, नावाजलेलं वाचनालय आहे. मी मात्र घराजवळच्या एका छोट्या वाचनालयात नाव घातलं, कारण कारखान्यातून येताना रिक्षा तिथूनच वळते. एक अर्ज, आधारची झेरॉक्स, फोटो, अनामत आणि महिन्याची वर्गणी, एवढंच लागलं. टेबलामागच्या काकांनी विचारलं, "ताई, गोष्टीचं पुस्तक पायजे का माहितीचं?" मी म्हटलं, दोन्ही. "एका वेळी एकच मिळतंय की," ते म्हणाले. मग मी तिथंच ठरवून टाकलं, एकदा गोष्टीचं, एकदा माहितीचं. हा नियम सहज केला होता, पण पुढं सगळं त्याच्यामुळेच घडलं. पाठोपाठ वाचलेली दोन वेगळ्या जातीची पुस्तकं मनात एकमेकांशी भांडतात आणि त्या भांडणात आपलं मत तयार होतं.

वेळ कुठून काढायचा, हा खरा प्रश्न होता. आमच्या भागात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, कधी रात्री अकराला, कधी पहाटे तीनला. पाण्याच्या रात्री घरातलं एक माणूस जागं लागतं आणि आमच्यात ते माणूस मी. आधी तो वेळ फोनवर जायचा. आता फोन आतल्या खोलीत चार्जिंगला लावते आणि स्वयंपाकघरात ओट्याजवळ खुर्ची टाकून पुस्तक घेऊन बसते. पाणी यायच्या आधी नळातून नुसती हवा येते, सूं सूं आवाज करत. तो आला की पानात किराणाची पावती घालायची, पुस्तक वरच्या फळीवर मिक्सरशेजारी ठेवायचं, मोटर लावायची. पिंप भरलं, हंडे-कळशा भरल्या, टाकी भरली की पुन्हा खुर्ची. त्या शांततेत पन्नास-साठ पानं सहज होतात. पुस्तकाची पहिली तीस-चाळीस पानं एका बैठकीत झाली पाहिजेत, असं माझं मत झालं आहे. रोज दोन-दोन पानं वाचली तर माणसांची नावंसुद्धा लक्षात राहत नाहीत.

पहिली घेतली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी', १९५५ साली आलेली. पातळ होती हे एक कारण, आणि माझं माहेर मंगळवेढ्याकडचं, म्हणजे माणदेशाला लागूनच, हे दुसरं. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर एक कोवळा मास्तर जातो. शाळा जमवतो, वाडीला तालीम बांधायला लावतो, ती पाहायला राजा येतो आणि पुढं दुष्काळ पडतो. तालमीचा भाग मला जरा गोड वाटला, सगळं मनासारखं जमून आल्यासारखा. पण शेवटच्या पानांना तोड नाही. पाऊस नाही, मेंढरं मरतात, माणसं एकेक करून वाडी सोडतात, आणि लेखक एकदासुद्धा गळा काढत नाही. काय दिसलं तेवढं सांगतो. दुष्काळात आमच्याकडची म्हातारी माणसं अशीच बोलतात. "औंदा काय नाय," एवढंच म्हणतात आणि गप होतात.

त्यानंतर नियमाप्रमाणे माहितीचं पुस्तक, वीणा गवाणकरांचं 'एक होता कार्व्हर'. १९८१ पासून महाराष्ट्रातल्या किती घरांतून हे पुस्तक फिरलं असेल! अमेरिकेत गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर शिकतो, शेतीशास्त्रज्ञ होतो, १८९६ साली टस्कीगीच्या शिक्षणसंस्थेचे प्रमुख बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या बोलावण्यावरून तिथं जातो आणि कापसानं कस काढून घेतलेल्या जमिनीवर भुईमूग, रताळी, चवळी पेरायला सांगतो. शेंगवर्गीय पिकांच्या मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत आणतात, म्हणून हा फेरपालट. शेतकऱ्यांपर्यंत पोचायला पुस्तिका काढल्या, फिरती गाडी काढली. शेंगाचटणीच्या गावात बसून हे वाचताना मला फार आनंद झाला. उखळात कुटलेल्या, तेल सुटलेल्या चटणीमागं जमीन सुधारणारं एक झाडही आहे, हे मला कुणी शिकवलं नव्हतं.

तरी एक खटकलं, आणि ते मोकळेपणानं लिहिते. गवाणकर कार्व्हरांविषयी इतक्या भक्तीनं लिहितात की माणूस कुठं चिडलेला, खचलेला, कुणाचा राग धरलेला फारसा दिसत नाही. शाळकरी मुलीला हे पुस्तक डोळे झाकून द्यावं. मला मात्र अशा माणसाचं एखादं असं पान हवं होतं, ज्यात अपमान होऊन तो रात्रभर जागा आहे. 'बनगरवाडी'चा मास्तर वाडीत राहतो, पण तो बाहेरचा आहे आणि एक दिवस जाणार आहे, म्हणून त्याला दोन्ही बाजू दिसतात. कार्व्हरचं चरित्र खालून वर मान करून पाहतं. पुस्तक गोष्टीचं आहे की माहितीचं, याच्यापेक्षा लिहिणारा कुठं उभा राहून पाहतोय हे बघावं, असं मला इथं पहिल्यांदा वाटलं. कारखान्यातल्या एका अर्ध्या कोऱ्या खतावणीत मी पुस्तकांच्या नोंदी करते. तेव्हापासून प्रत्येक पुस्तकाखाली पहिली ओळ तीच असते, लेखक कुठं उभा आहे. दुसरी ओळ, कुठलं पान विसरणार नाही. तिसरी, हे कुणाला द्यायचं.

युव्हाल नोआ हरारींचं 'सेपियन्स' भाच्यानं मराठी अनुवादात आणून दिलं. जाड आहे, पण भरभर पुढं जातं. हा लेखक विमानाच्या खिडकीत बसला आहे. माणसाच्या इतिहासाची सत्तर हजार वर्षं खालून सरकतात, साम्राज्यं दिसतात, पैसा दिसतो, धर्म दिसतात, पण एकाही माणसाचं तोंड नीट दिसत नाही. शेतीचा शोध ही इतिहासातली सर्वांत मोठी फसवणूक होती आणि माणसानं गहू माणसाळवला नाही, गव्हानंच माणसाला राबवायला लावलं, हे त्यांचं म्हणणं वाचून मी दोन दिवस त्याच विचारात होते. माझ्या वडिलांनी मंगळवेढ्याच्या काळ्या रानात ज्वारी केली. खुरपणं, राखण, काढणी, मळणी यात जन्म गेला, आणि पाऊस हुकला की वर्ष गेलं. तेव्हा राबवून घेतलं हे मला पटतं. पण हुरड्याच्या दिवसांत बांधावर सगळी भावकी बसलेली असायची, ती शेतीच्याच जिवावर. तो हिशेब विमानातून लागत नाही. पुस्तकातला एक भाग मात्र मला मनापासून आवडला. बहुतेक समाजांत पुरुषच वरचढ का, याची वेगवेगळी कारणं हरारी तपासतात, प्रत्येक कारण कुठं तोकडं पडतं ते दाखवतात आणि खात्रीचं उत्तर आपल्याकडं नाही असं स्वच्छ सांगतात. इतर ठिकाणी ते इतक्या ठामपणे बोलतात की इथली कबुली मोलाची वाटते.

मध्ये यशाची सूत्रं सांगणारं एक अनुवादित पुस्तक आणलं होतं. ते तिसऱ्या प्रकरणात परत केलं. आयुष्यात कधी भाकरीची भ्रांत न पडलेल्या माणसाला उद्देशून ते लिहिलेलं होतं.

आणि मग शरणकुमार लिंबाळेंचं 'अक्करमाशी', म्हणजे लग्नाबाहेर जन्मलेलं मूल. १९८४ सालचं दलित आत्मकथन, लिहिलं तेव्हा लेखक तिशीच्याही आतले. गाव हन्नूर, अक्कलकोट तालुका. अक्कलकोटला आम्ही स्वामींच्या दर्शनाला वर्षानुवर्षं जातो. एसटीतून दिसणारी ती रानं, ते फाटे मला पाठ आहेत. त्या फाट्यांच्या आत कसलं जगणं होतं, ते मला या पुस्तकानं दाखवलं. आई मसामाय, आजी संतामाय, आणि आजीसोबत राहणारे मुसलमान दादा, ज्यांनी या पोराला पोटच्या नातवासारखं वाढवलं. संतामाय जनावरांच्या शेणातले न पचलेले ज्वारीचे दाणे वेचते, धुते, वाळवते, दळते आणि त्या पिठाची भाकरी करते, ते पान मी वाचलं आणि पुस्तक बंद करून बसून राहिले. आमच्याकडं ज्वारीचा केवढा अभिमान! मंगळवेढ्याची मालदांडी म्हणून पाहुण्यांना पिशवी भरून देतो. तीच ज्वारी पंचवीस-तीस कोसांवर कुणाच्या तरी ताटात अशी पोचत होती.

वाचकांनी या पुस्तकाबद्दल दबक्या आवाजात बोलू नये, मत द्यावं, म्हणून माझं देते. मधला भाग विस्कळीत आहे, तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. मी कुणाचा, माझं गाव कुठलं, माझी जात कुठली. सुरुवातीला मला ते जास्त वाटलं. नंतर वाटलं, की ज्याला शाळेच्या दाखल्यापासून लग्नापर्यंत प्रत्येक ठिकाणी हाच प्रश्न पुन्हा विचारला गेला, त्यानं तो एकदाच का लिहावा? इथं लेखक घटनेच्या मधोमध उभा आहे. मागं सरकायला त्याला जागाच नाही. कारखान्यात माझ्या शेजारच्या टेबलावरच्या अक्का अक्कलकोट तालुक्यातल्याच. त्यांना पुस्तक दिलं. चार दिवसांनी परत देताना म्हणाल्या, "हे आमच्या पोरांना शाळेत का शिकवत नाहीत हो?" माझ्याकडं उत्तर नव्हतं.

'रिंगाण' ही कृष्णात खोतांची कादंबरी, २०२३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. धरणामुळं उठवलेल्या गावातला एक माणूस मागं राहिलेल्या म्हशीच्या शोधात परत त्या रानात जातो. म्हैस आता माणसाची राहिलेली नाही, रानटी झाली आहे. एवढंच कथानक. सुरुवातीला मला फार जड गेलं, भाषा कोल्हापूरकडची आणि गोष्ट मुंगीच्या पावलानं सरकते. पण माणूस आणि म्हैस समोरासमोर येतात तिथून पुढं मी पाणी भरायला उठलेसुद्धा नाही, शेवटी नवऱ्यानं उठून मोटर लावली. ती त्याला ओळखते का, तिनं का म्हणून ओळखावं, या प्रश्नावर लेखकानं जे केलं आहे ते मी गेल्या वर्षभरात वाचलेल्यांतलं सर्वांत चांगलं लेखन आहे. त्या रात्री आमच्या नळाला आलेलं पाणी उजनीचं होतं. भीमेवरच्या त्या धरणाखाली करमाळ्याकडची, इंदापूरकडची गावं गेली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर वर येतं आणि लोक होडीतून बघायला जातात. आम्ही सोलापूरकर उजनीची टक्केवारी रोज बघतो. त्या गावांतून उठलेल्या माणसांची गुरं कुठं गेली, हे मात्र आमच्यात कधी कुणी विचारलेलं मी ऐकलं नाही.

जयंत पवारांचं 'अधांतर' हे नाटक वाचलं ते सासऱ्यांमुळं. ते इथल्या गिरणीत साच्यावर होते. सोलापूरच्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि भोंग्यावर चालणारं गाव घड्याळावर आलं. नाटक मुंबईच्या गिरणगावातलं, पण संप, पुढारी, मालक सगळे खोलीच्या बाहेर. आपल्याला दिसते ती चाळीतली एकच खोली आणि तिच्यात कावलेली आई, कामाविना बसलेले मुलगे. सासऱ्यांना मी त्यातले दोन प्रवेश वाचून दाखवले. त्यांना नाटक आवडलं नाही. "आम्ही एवढं घरात ओरडत नव्हतो," म्हणाले. पण नंतर तासभर ते स्वतःहून बंद गिरणीबद्दल बोलत राहिले. पगार थांबल्यावर कुणी हातगाडी धरली, कुणी यंत्रमागावर गेलं, कुणाच्या बायकोनं विड्या वळून घर चालवलं. इतक्या वर्षांत मी हे त्यांच्या तोंडून ऐकलेलं नव्हतं.

सध्या लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' चालू आहेत. सासूबाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, म्हणून दुपारी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवते. त्या पंढरपूरच्या. १८९५ साली लक्ष्मीबाईंचे पती नारायण वामन टिळक यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, त्यानंतर लक्ष्मीबाई पंढरपुरात नातेवाइकांकडं राहिल्या, हे कळल्यापासून सासूबाई जास्तच कान देऊन ऐकतात. लक्ष्मीबाई स्वतःच्याच घरात, स्वतःच्याच दुःखात उभ्या आहेत, आणि तरी त्यांना त्यातलं हसू दिसतं. अशी जागा मला आजवरच्या दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडली नाही. टिळकांवरून आमचं दोघींचं रोज वाजतं. माझं म्हणणं, माणूस मनाचा खरा होता, जे पटलं ते त्यानं केलं. सासूबाईंना ते अजिबात मान्य नाही. "पटलं तर बायकोला आधी सांगायचं. ती का परकी हाय?" काल त्या म्हणाल्या, आणि पुढचं प्रकरण लगेच वाचायला लावलं.