साबुदाण्याचा मफलर

संक्रांत होऊन चारेक दिवस झाले असतील. जळगावात वर्षभरात उन्हाशी आमचं पटतं ते जेमतेम सहा-सात आठवडे, तेवढ्यात गच्चीवर बसून घ्यायचं. मी बसले होते. मांडीवर मफलर, शेजारी पातेल्यात लोकरीचा गुंडा (पातेल्यात ठेवला की गच्चीभर पळत नाही) आणि हात आपले चाललेले. सहज मफलर झटकून समोर धरला, तर खालचा हातभर साबुदाणा आणि वरची चार बोटं चक्क पट्ट्या.

विणणाऱ्यांना एव्हाना कळलं असेल. टाके मोजले. 34.

साबुदाणा हे आमच्या घरातलं नाव. एक सुलट, एक उलट. पुढच्या ओळीत सुलटाच्या डोक्यावर उलट आणि उलटाच्या डोक्यावर सुलट. भिजलेला साबुदाणा ताटात पसरावा तशी दाणेदार वीण येते. दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, कडा मुडपत नाहीत, मफलरला याहून काय हवं? टाके तेवढे विषम घ्यायचे. मी 8 नंबरच्या सुयांवर 35 घेते. मग प्रत्येक ओळ सुलटानंच सुरू करायची आणि डोकं बाजूला काढून ठेवायचं. पण कुठे दोन टाके एकदम सुईवर आले की झाले सम. मग तेच हात, तीच ओळ, आणि सुलटावर सुलट चढत जातं, उलटावर उलट. स्वेटरच्या कमरेला असते ना, तशी पट्टी उभी राहते. हात कुठे चुकलेले नसतात. एक टाका कमी असतो, बस.

मला फक्त मफलरच येतो. स्वेटरच्या वाटेला मी दोनदा गेले आणि दोन्ही वेळा काखेत अडले. गळ्याचे टाके उचलणं, बाह्या जोडणं हा माझा प्रांत नव्हे. घरात आता माणसांपेक्षा मफलर जास्त झालेत. लेक म्हणते, आई, आपल्याकडे मे महिन्यात पारा 45ला जातो, तू हे कुणासाठी विणतेस? त्यावर मी टाके मोजत असल्याचं दाखवते. टाके मोजणाऱ्या बाईला कुणी उत्तर मागत नाही.

तसं तिचं खोटं नाही. आमचा मुलूख कापसाचा. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलंच, तेव्हा आमचे आजोबा टकळी घेऊन चालत गेले होते. ती टकळी अजून माळ्यावर आहे. सूत आम्हाला कळतं. लोकर म्हणाल तर धुळ्याकडे ठेलाऱ्यांच्या मेंढ्या, आणि त्यांची ती घोंगडी, जी पांघरल्यावर थंडी वाजत नाही कारण माणूस रात्रभर खाजवण्यात गुंतलेला असतो.

सुया आमच्या घरात आणल्या मोठ्या आईनं. ती माझी थोरली चुलती. तिचं माहेर भुसावळचं, रेल्वे क्वार्टरमधलं. तिथे शेजारीपाजारी देशभरची माणसं. कुण्या पंजाबी गार्डाच्या बायकोनं तिला अंगणात बसवून शिकवलं. म्हणून लग्न होऊन चोपडा तालुक्यात आली, चुलीपासून शेतापर्यंत अहिराणी बोलायला लागली, तरी विणताना ओठांवर कायम ‘एक सीधा, एक उलटा’. मला पुष्कळ वर्षं वाटायचं की हा हिंदीतला जपच आहे.

उन्हाळ्यात ती जुने स्वेटर उसवायची. ते काम मला विणण्याहून प्रिय होतं, आजही आहे. शिवण सापडेपर्यंत खटपट, आणि एकदा का धागा लागला की सर्रर्र! ओळीमागून ओळ. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी निघते. तिची लडी करून वाफ द्यायची, खाली पाण्यानं भरलेला तांब्या बांधून दोरीवर टांगायची. दुसऱ्या दिवशी धागा सरळ. ही चैन खऱ्या लोकरीची. दुकानात लोकर म्हणून मिळतं ते बहुतेक ॲक्रिलिक, त्याला वाफ जास्त झाली की लुळं पडतं. मोठी आई काडी लावून बघायची: केस जळाल्याचा वास आला तर लोकर, वितळून टोकाला कडक मणी झाला तर ‘हाई पलास्टिक शे’.

मग लडीचा गुंडा. ज्यांचं बालपण यात गेलंय त्यांचे दंड हे वाचतानाच भरून येतील. पाटावर बसायचं, दोन्ही हात पुढे, अंगठे वर, हातांवर लडी ताणलेली. समोर मोठी आई गुंडाळतेय. धागा डाव्या हाताकडून आला की डावा हात किंचित कलता करायचा, उजव्याकडून आला की उजवा. आणि नेमकी तेव्हाच नाकाला खाज. मी खांद्यावर नाक घासायला गेले की लडी सैल, गुंता, आणि वरून, ‘तुनं ध्यान कोठे शे व?’ माझं ध्यान तिच्या बोटांकडे असायचं. भर मे महिन्यात हाताला घाम, म्हणून मधूनमधून पावडर लावायची. गुंड्यांना त्या पावडरचा वास यायचा, आणि हिवाळ्यात आप्पांच्या मफलरलाही.

आप्पा म्हणजे तिचे यजमान. मफलर त्यांच्यासाठी. केळी असलेल्या माणसाला डिसेंबर-जानेवारी कसा जातो ते केळीवाल्यांनाच विचारावं. सातपुड्याकडून वारा सुटतो, पारा 10च्या खाली उतरला की केळी आखडते, पोंग्यातून नवं पान बाहेर यायला मागत नाही. शेताची वीज यायची ती रात्री. मग आप्पा कानांवरून मफलर गुंडाळून, कंदील घेऊन निघायचे; बागेला पाणी द्यायचं, बांधावर पालापाचोळा पेटवून धूर करायचा. आता घडांना प्लास्टिकच्या पिशव्या घालतात. आमच्या वेळी बागेला धूर आणि माणसाला साबुदाणा. सकाळी आप्पा परत आले की मफलर दोरीवर टाकायचे. धूर, पावडर, केळीच्या चिकाचे काळे डाग. तो चीक कशानं जात नाही. मोठी आई म्हणायची, राहू द्या, नक्षी आहे.

माझं काही चुकलं की तिचं ठरलेलं वाक्य, ‘उसवी टाक, काय बिघडस?’ दहा ओळी असोत की शंभर. स्वतःच्या विणण्यालाही तोच न्याय. एकदा झालेला मफलर तिनं उसवला होता, का तर तिसऱ्या ओळीत एक दाणा उलटा पडला होता. मी चिडले होते, कारण लडी मलाच धरायची होती.

तिनं विणलेला शेवटचा मफलर माझ्याकडे आहे. आप्पांनी तीन हिवाळे वापरला, मग त्यांच्या पेटीतून तो माझ्याकडे आला. खाली 35 टाके आहेत. वीतभर साबुदाणा आहे, मग पट्ट्या. मग पुन्हा साबुदाणा, पुन्हा पट्ट्या. एक टाका गेला की पट्टी, आणखी एक गेला की साबुदाणा. वरच्या टोकाला 19 टाके उरलेत. शेवटी शेवटी तिला आमची नावं आठवायची नाहीत. मला ती भुसावळच्या शेजारणीच्या नावानं हाक मारायची, पण ‘एक सीधा, एक उलटा’ मात्र अखंड. प्रत्येक ओळ बरोबर आहे. सुलटानं सुरू, सुलट-उलट, सुलट-उलट. मफलर गाजरासारखा निमुळता होत गेला आणि तिला ते दिसलं नाही. घरात ज्यांना दिसलं त्यांनी सांगितलं नाही. आप्पा रुंद टोक कानांवर घ्यायचे आणि अरुंद टोक सदऱ्यात खोचायचे.

तर माझ्या मांडीवर 34. मला यंदा 61 पूर्ण होतील. चार बोटं उसवायला पाच मिनिटं लागतात, आणि मला तर उसवायला आवडतं.

ऊन कठड्यापलीकडे गेलं. मी सुयांच्या टोकांना रबर लावलं, मफलर पातेल्यात ठेवला. मग तो परत बाहेर काढला आणि शेवटच्या टोकाकडून सुरुवात करून टाके पुन्हा मोजले, या वेळी तोंडानं, मोठ्यानं.