पहिली डॅनिश टेस्ट: बालेरुपहून नोरेपोर्टपर्यंत, तयारीसकट

डॅनिश भाषेच्या वर्गाच्या पहिल्या टप्प्याची, म्हणजे मॉड्यूल १ ची टेस्ट झाली, पास झाले, आणि सगळं डोक्यात ताजं आहे तोवर लिहून काढतेय कारण इथे डेन्मार्कमधे नवीन आलेल्या आपल्या लोकांपैकी बरेच जण हाच प्रश्न विचारतात की तयारी नक्की करायची कशाची. माझं उत्तर एकच आहे, आणि ते आधीच सांगते: उत्तरं पाठ करण्यापेक्षा प्रश्न विचारायची तयारी करा. आपल्याकडे परीक्षा म्हणजे समोरचा विचारणार आणि आपण सांगणार, इथे तसं नाही. या लेव्हलला तुम्ही डॅनिशमधे चार वाक्यं बोलू शकता का, एवढंच बघत नाहीत, समोरच्याशी बोलणं चालू ठेवता येतं का तेही बघतात.

आधी कागदपत्रांचं पटकन. सीपीआर नंबर, म्हणजे इथला रहिवासी नंबर, आणि मिट-आयडी, म्हणजे ऑनलाइन ओळख, हातात आलं की आपल्या कोम्यूनेकडून, म्हणजे नगरपालिकेकडून, लँग्वेज स्कूलसाठी नाव पाठवून घ्यायचं. डीयू १, डीयू २, डीयू ३ असे तीन मार्ग असतात, आणि तुमचं शिक्षण किती झालंय, तुम्ही नवीन भाषा किती भराभर शिकाल यावरून ते ठरवतात, आपल्याकडचे ग्रॅज्युएट बहुतेक सगळे डीयू ३ मधे जातात. नोकरीसाठी, शिकायला किंवा नवऱ्याबरोबर-बायकोबरोबर आलेल्यांना फी नाही पण डिपॉझिट भरावं लागतं, मी २००० क्रोनर भरलं. मॉड्यूल ठरलेल्या मुदतीत पास झालात तर ते पुढच्या मॉड्यूलला चालतं, म्हणून टेस्टची तारीख पुढे ढकलत बसू नका. आणि इथलं शिकणं साडेतीन वर्षांच्या कोट्यात बसवायचं असतं, तेव्हा इंडियाला लांब सुट्टीवर जाणार असाल तर आधी शाळेत विचारा की तेवढा काळ थांबवता येईल का.

आता मुख्य गोष्ट, कान. लिहिलेलं डॅनिश आणि बोललेलं डॅनिश यात इतकं अंतर आहे की पुस्तक वाचून तयारी केली तर समोरच्याचा प्रश्नच कळत नाही. मी ज्या शब्दाला पुस्तकात पाच अक्षरं बघायचे तो बोलताना दोन आवाजात संपतो. त्यामुळे प्रत्येक नवीन शब्द आधी ऐकायचा, मग म्हणायचा, मग लिहायचा. डेन डान्स्के ओर्डबो म्हणजे मोठी डॅनिश डिक्शनरी ऑनलाइन फुकट आहे आणि त्यात शब्दाशेजारी स्पीकरचं चिन्ह असतं, ते दाबा, परत परत दाबा. डीआर या सरकारी चॅनलवर लीगेटील नावाने सोप्या डॅनिशमधल्या बातम्या असतात, रोज एक बातमी पुरे, आणि लहान मुलांचं रामाशांग बघताना लाज वाटून घेऊ नका, त्यात लोक सावकाश आणि स्पष्ट बोलतात.

उच्चारांसाठी मला सगळ्यात जास्त उपयोग ट्रेनचा झाला. मी कोपनहेगनबाहेर बालेरुपला राहते, शाळा शहरात, म्हणजे सी लाइनची एस-टोग, इथली लोकल, पकडून नोरेपोर्ट. वाटेत स्कोव्हलुंडे, हर्लेव्ह, युलिंगेवाय, लांगगेदे, वालब्यू, ड्युबल्सब्रो अशी स्टेशनं लागतात आणि प्रत्येक स्टेशनचं नाव रेकॉर्ड केलेल्या आवाजात, एकदम स्पष्ट ऐकू येतं. ऐकायचं आणि तोंडातल्या तोंडात म्हणायचं, कोणी बघत नाही, सगळे फोनमधे असतात. यात डॅनिशचे बहुतेक अवघड आवाज येऊन जातात. युलिंगेवायमधला पहिला स्वर काढायला ओठ उ म्हणताना करतो तसे गोल करायचे आणि आतून ई म्हणायचं. नोरेपोर्टमधल्या पहिल्या स्वराला ओठ ओ सारखे आणि आतून ए. लांगगेदेच्या शेवटी जो मऊ द आहे तो आपल्या द, ड, ध यांपैकी कुठलाच नाही, जिभेचं टोक खालच्या दातांच्या मागे ठेवायचं आणि जीभ वर कुठे टेकू द्यायची नाही, कानाला तो ल सारखा लागतो पण ल नाही. हा आवाज मॅद म्हणजे जेवणात आहे, ब्रोद म्हणजे ब्रेडमधे आहे, हेदर म्हणजे नाव असणे यात आहे, म्हणजे टेस्टच्या पहिल्याच वाक्यात येणार. तेव्हा तेवढा एक नीट बसवा. घशात मधेच अडकवायचा जो झटका असतो, ज्याला ते स्टोद म्हणतात, त्याच्यामागे या लेव्हलला फार वेळ घालवू नका असं माझं मत, हून म्हणजे ती आणि तोच शब्द झटका देऊन म्हटला की कुत्रा, एवढं ऐकून ओळखता आलं तरी पुष्कळ झालं.

आकड्यांना सगळे घाबरतात, पण मराठी माणसाला घाबरायचं कारण नाही, हे मी वर्गात अगदी ठासून सांगायचे. आपण पंचवीस म्हणतो, आधी पाच मग वीस, हे लोक पण फेम-ओ-त्यूवे म्हणतात, पाच आणि वीस. इंग्रजीतून विचार करणाऱ्यांना हे उलटं वाटतं, आपल्याला सरळ. पन्नासपासून पुढे विसाच्या हिशोबाने जातात आणि तिथे आपलं अडीच, साडेतीन कामाला येतं. पन्नासला हॅलत्रेस म्हणजे अडीच विसा, साठला त्रेस म्हणजे तीन विसा, सत्तरला हॅलफ्येर्स म्हणजे साडेतीन विसा, ऐंशीला फीर्स म्हणजे चार विसा, नव्वदला हॅलफेम्स म्हणजे साडेचार विसा. आमची आजी अजूनही अंडी आणि नारळ विसाच्या हिशोबात मोजते, तिला फोनवर सांगितलं तर तिला लगेच कळलं. घड्याळात मात्र सांभाळा, हॅल नी म्हणजे साडेआठ, साडेनऊ नाही. डॉक्टरची वेळ असो की टेस्टची, हे आधी पक्कं करा.

व्याकरणाचं या लेव्हलला थोडकंच लागतं. क्रियापद मी, तू, ती, आम्ही, कोणासाठी बदलत नाही, हे मोठं सुख. एन आणि एत अशी दोन लिंगं आहेत, शब्द पाठ करतानाच सोबत पाठ करा, नियम शोधत बसू नका. जपायचं ते एकच, क्रियापद वाक्यात दुसऱ्या जागी. आपलं क्रियापद शेवटी जातं म्हणून सवय मोडायला वेळ लागतो. ऑम सॉन्डेन लेवर याय मॅद, रविवारी करते मी जेवण. रविवारी, आज, सकाळी, उद्या असे शब्द सुरुवातीला टाकून रोज स्वयंपाक करताना पाच-सहा वाक्यं मोठ्याने म्हणा, बाकी काही करू नका.

बोलायला माणसं कुठून आणायची हा खरा प्रश्न आहे, कारण इथले लोक तुमची अडखळ ऐकली की लगेच इंग्रजीवर येतात. ते मदत म्हणूनच करतात, पण आपलं नुकसान होतं. त्यावर एक वाक्य तयार ठेवा, मॉ वी टेले डॅन्स्क, याय ओवर माय, म्हणजे डॅनिशमधे बोलूया का, मी सराव करतेय. हे म्हटल्यावर नाही म्हणणारं मला कोणी भेटलं नाही. माझी सरावाची जागा म्हणजे घराजवळची बेकरी. तिथे बोलणं ठरलेलंच असतं, म्हणून घाबरायला होत नाही. काउंटरवरची मुलगी विचारते वेम एर डेन नेस्ते, पुढचं कोण. आपण म्हणायचं, दे एर माय, मी, आणि मग टो रुन्स्टिकर, तॅक, म्हणजे दोन छोटे पाव द्या. ती विचारते एलस आनेद, आणखी काही. मग स्कॅ डू हॅ एन पोसे, पिशवी हवी का. मग ती रक्कम सांगते, आणि तिथे तुमचे आकडे तपासले जातात, मशीनवर बघायच्या आधी कानाने ओळखायचा प्रयत्न करा. शनिवारी सकाळी गर्दी असते, तेव्हा नका जाऊ, मधल्या वारी दुपारी जा, त्यांना पण बोलायला वेळ असतो. आणि लायब्ररीत स्प्रॉकॅफे, म्हणजे भाषेच्या सरावाच्या बैठका असतात, फुकट, तिथे बहुतेक रिटायर झालेली डॅनिश माणसं येऊन बसतात आणि खूप धीराने बोलतात. आमच्याकडे येणाऱ्या एक आजी आहेत, वयाने माझ्या आईपेक्षा मोठ्या, त्यांना डू म्हणजे तू म्हणायला माझी जीभ वळेना, पण इथे आदरार्थी शब्द रोजच्या बोलण्यातून जवळजवळ गेलाच आहे, शिक्षकांनाही पहिल्या नावाने आणि डू. टेस्टमधेही डूच वापरायचं.

आता प्रश्नांबद्दल, जे मी सुरुवातीला म्हटलं. वॅ, वेम, वो, वोनॉ, वोफॉ, वोडॅन, म्हणजे काय, कोण, कुठे, कधी, का, कसं. हे लिहिताना सगळे एच-व्ही ने सुरू होतात पण एच म्हणायचाच नाही. घर, कुटुंब, जेवण, काम, रिकामा वेळ, रोजचा दिवस, या विषयांवर प्रत्येकी पाच प्रश्न तयार करा, कागदावर नाही, तोंडी. नवऱ्याला विचारा, मुलांना विचारा. माझी मुलगी बोअर्नेहॅवेत, म्हणजे इथल्या बालवाडीत जाते, ती माझ्यापेक्षा चांगलं बोलते आणि तिला मला प्रश्न विचारायला फार आवडतं. सोबत न कळल्यावरची दोन वाक्यं इतकी पाठ करा की झोपेतही येतील, ऑनस्क्युल, कॅ डू सीये दे ईगेन, म्हणजे सॉरी, परत सांगशील का, आणि लित लांगसॉमर, तॅक, जरा सावकाश. ही वापरली तर आपली बाजू पडते असं अजिबात समजू नका, उलट गप्प बसण्यापेक्षा शंभर पटीने चांगलं.

कुटुंबाच्या विषयात आपल्याला मजा आहे कारण नाती आपल्यासारखीच वेगळी काढतात, मोस्टर मावशी, फास्टर आत्या, मोरब्रोर मामा, फारब्रोर काका, आईची आई मोरमोर, वडिलांची आई फारमोर. माझ्या मावशीबद्दल सांगताना मला कुठलीच कसरत करावी लागली नाही. घराच्या विषयात कितवा मजला ते सांगायला शिका, आणि पत्त्यात जे टीव्ही आणि टीएच लिहितात ते डावीकडचं आणि उजवीकडचं दार, ते मोठ्याने म्हणता यायला हवं.

टेस्टचा दिवस. जानेवारी, सकाळी निघताना पूर्ण अंधार, सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो. ऐनवेळची एक गाडी सोडून आधीची पकडा, आणि त्या दिवशी सायकल नेऊ नका, सकाळच्या गर्दीच्या वेळी नोरेपोर्टला सायकल घेऊन चढता-उतरता येत नाही. फोटो असलेलं ओळखपत्र लागतं, मी पासपोर्ट आणि रेसिडन्स कार्ड दोन्ही नेलं. सकाळी घरातून निघाल्यापासून डोक्यात डॅनिशच चालू ठेवा, मी ट्रेनमधे समोरच्या जाहिराती वाचत गेले.

आमची टेस्ट तोंडी होती, जोडीने. माझ्याबरोबर ब्राझीलची एक मैत्रीण, समोर आमच्या शिक्षिका आणि आणखी एक बाई ज्यांना आम्ही कधी पाहिलं नव्हतं. आधी स्वतःबद्दल थोडं बोलायचं, मग विषयाचं कार्ड उचलून एकमेकींना प्रश्न विचारायचे. माझ्या मैत्रिणीला मॅद आलं आणि तिने मला विचारलं की सकाळी नाश्त्याला काय खातेस. मी म्हटलं पोहे. त्या नवीन बाईंनी लगेच मान वर केली आणि विचारलं, वॅ एर पोहे? मी म्हटलं दे एर रीस, मे लॉय ओ कार्टॉफ्लर, तो भात आहे, कांदा-बटाटा घातलेला, पिवळा असतो, आणि मग मीच त्यांना विचारलं की तुला तिखट आवडतं का. त्या हसल्या, लित, म्हणजे थोडं, म्हणाल्या, आणि माझ्या शिक्षिकेने कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणून सांगते, आपल्या जेवणातले दोन-तीन पदार्थ, आपला एक सण आणि आपलं गाव सोप्या शब्दात सांगायची तयारी करून जा, तुम्ही इंडियाचे म्हटल्यावर प्रश्न तिकडे वळणारच. आणि सांगून झालं की प्रश्न परत त्यांच्याकडे टाका, ऑ डू? म्हणजे आणि तू?

निकाल आम्हाला तिथेच थोड्या वेळाने सांगितला. मॉड्यूल टेस्टला मार्क नसतात, पास किंवा नापास. मार्क पुढे पीडी २ आणि पीडी ३ या डॅनिशच्या शेवटच्या सरकारी परीक्षांना येतात, इथल्या सात पायऱ्यांच्या स्केलवर, उणे ३ पासून १२ पर्यंत, आणि ०२ ला पास. त्या परीक्षा वर्षातून दोनदा, मे-जून आणि नोव्हेंबर-डिसेंबर. पर्मनंट रेसिडन्ससाठी पीडी २ आणि नागरिकत्वासाठी साधारणपणे पीडी ३ बघतात, पण अर्ज करताना त्या वेळचे नियम अधिकृत सरकारी साइटवर स्वतः वाचा, कोणाच्या ऐकीव माहितीवर राहू नका कारण इथे ते बदलत असतात. डॅनिश नवऱ्यासाठी किंवा बायकोसाठी फॅमिली रीयुनिफिकेशनवर आलेल्यांचं प्रकरण वेगळं, त्यांना ए-वन आणि ए-टू अशा वेगळ्या परीक्षा ठरलेल्या मुदतीत द्याव्या लागतात, परवान्याच्या पत्रात ती मुदत शोधा आणि पहिल्या आठवड्यातच शाळा गाठा.

पुढच्या मॉड्यूलचा वर्ग लगेच घ्या, मधे महिना-दोन महिने गेले की कान परत बंद होतात. संध्याकाळचे वर्ग पटकन भरतात, त्यामुळे निकाल लागला त्याच दिवशी ऑफिसात जाऊन नाव लिहून या. कोणाला बालेरुपच्या बाजूला सरावाला जोडीदार हवा असेल तर सांगा, मॉड्यूल २ साठी आम्ही दोघी-तिघी बुधवारी लायब्ररीत बसतोय, आणि तिथे पहिला अर्धा तास मराठी बोलायचं नाही असं ठरलंय.