१८ सप्टेंबर

मारला शेवटी कादंबरीतल्या त्या वकिलाला. मला वाटतच होतं. पावणेचारशे पानं माणसाला जिवंत ठेवायचं, पन्नाशीतल्या बाईच्या जिवाला घोर लावायचा आणि १६ सप्टेंबर १९४८च्या रात्री पैनगंगेच्या काठावर एक गोळी घालून मोकळं व्हायचं. दुसऱ्या दिवशी निजाम शरण येतो, कॅम्पात गूळ वाटतात, आणि ती बाई चुलीसमोर भाकरी थापत बसलेली. संपली कादंबरी. रडू यायला पाहिजे होतं, आला राग. दोन दिवस झाले तरी जात नाही, म्हणून लिहायला बसले.

वाईट कादंबरी असती तर फेकून दिली असती. पण तो ताटाचा प्रसंग काय लिहिलाय! ती उमरखेडच्या सरहद्द कॅम्पात, निजामाशी लढणाऱ्यांच्या तळावर, स्वयंपाकाला. वर न बघता वाढायची तिची सवय, कारण रात्री कोण नदी ओलांडून आलं नि कोण आलंच नाही हे चेहऱ्यांवरून मोजायची तिला भीती वाटते. पितळ्या पुढं सरकतात, भाकरी, पिठलं, ठेचा. एका पितळीपाशी आवाज येतो, "ठेचा नको." तिचा हात थांबतो. बस, एवढंच. पुढच्या पंगतीला ती त्याच्या पितळीत न विचारता गुळाचा खडा ठेवते. लहानपणी तिखटानं डोळ्यांत पाणी येणारा एकच पोरगा होता तिच्या गावात. तीस वर्षं मध्ये गेलेली. तो उस्मानियात उर्दूतून शिकून वकील झालेला, आता कोर्टावर बहिष्कार टाकून इकडं आलेला. बायको वारलेली. हिचा नवरा तर कधीचाच.

माझं माहेर हदगाव तालुक्यातलं. नदीच्या अलीकडं निजाम, पलीकडं उमरखेड. आजी सांगायची, बायका-पोरं गाडीत घालून रातोरात पलीकडं नेली, आणि गाडीच्या चाकांना आवाज होऊ नये म्हणून चिंध्या बांधल्या. त्यामुळं या कादंबरीत चुका काढायच्याच म्हणून मी बसले होते. फार नाही सापडल्या. हालीचं, म्हणजे निजामाच्या रुपयाचं, बरोबर लिहिलंय, पलीकडं गेलं की सात हालीला सहा कलदार, म्हणजे इंग्रजी रुपये. उमरीची बँक लुटल्याचंही आलंय. ३० जानेवारी १९४८. इकडं बँक लुटली आणि त्याच संध्याकाळी तिकडं दिल्लीत गांधीजींवर गोळ्या झाडल्या, ही दोन टोकं एका दिवसात बसवताना लेखकाचा हात जरा चाचरलाय, पण चालतं. आमच्याकडची माणसं मात्र वऱ्हाडी बोलतात त्यात. ते जाऊ द्या, पुण्याच्या लेखकाला पैनगंगेच्या दोन्ही काठांचं बोलणं एकच वाटणार.

मोहतुराचं, म्हणजे विधवेच्या दुसऱ्या लग्नाचं, मात्र त्यानं नीट ओळखलंय. ती वतनदार घराण्यातली, म्हणून तिला दुसरं घर करता येत नाही. तिच्याच शेतात राबणाऱ्या बाईचा नवरा पटकीत जातो आणि वर्षाच्या आत तिचा मोहतूर लागतो. लागतो तोही रात्री, काळोखात, चार माणसांत, कुणी तोंड बघू नये म्हणून. म्हणजे ज्यांना परवानगी होती त्यांनाही अंधारातच. माझ्या पणजीच्या सासूचाही असाच लागला होता म्हणतात. शेत पडीक राहत होतं, दोन पोरं लहान, दीर होता. तिला तो दीर आवडत होता का, हे आमच्या घरात कुणी कधी विचारलं नसेल. मीही नाही.

राग लेखकावर आहे असं मी धरून चालले होते. पण परवा वाती वळताना बायकांना गोष्ट सांगितली तेव्हा गडबड झाली. महालक्ष्म्यांचा कापूस उरला होता, सगळ्या माझ्याकडंच बसलेल्या. मी ठेच्यापर्यंत आले आणि हशा पिकला. "या वयात बाई काय एकेकीला सुचतंय!" सगळ्यांत मोठ्यानं हसल्या त्या सुलभावहिनी. मीही हसले. गोष्ट तिथंच सोडून वातींकडं वळले.

उठताना हळदीकुंकू झालं. करंडा हातोहात फिरत माझ्यापाशी आला आणि पुढं सरकला. कुणाच्या मनात काही नव्हतं, मला माहीत आहे. सवयीनं सरकतो तो. हे गेल्यापासून सरकतोच आहे. मला वाटलं होतं मी त्या पलीकडं गेले. नाही गेले. सगळ्या गेल्यावर ती वातींची परडी मांडीवर घेऊन बसून राहिले. आता कुणासाठी वळायच्या, कोण येणार, पोरगं दिवाळीला येतं ते लॅपटॉप घेऊन, सून चांगली आहे पण "आई, तुम्ही बसा" म्हणते, आणि बसून बसून बाई किती बसणार. असलं सगळं. लिहितानाही कंटाळा येतोय स्वतःचा.

आणि सरांचं तर मी लिहिणारच नाहीये. त्यांनी विचारलं ते साधंच विचारलं होतं, मी उत्तर दिलं ते बरोबरच दिलं. त्यांच्या घरात पुढं जे झालं ते सगळ्या गल्लीनं पाहिलंय.

पण राग कुणावर, ते जरा दिसायला लागलंय. असली गोष्ट सगळ्यांना कुठवर चालते? नदीकाठी भेट चालते. डोळ्यांत पाणी चालतं. त्याग तर फारच चालतो, त्यागावर तर परीक्षणं लिहून येतात. चालत नाही ती १८ सप्टेंबरची सकाळ. स्वातंत्र्य मिळालंय, कॅम्प उठलाय, दोघं जिवंत आहेत, आणि आता राहायचं कुठं? पाणी कोण तापवणार? त्याच्या पहिल्या बायकोच्या देवघराला हिनं हात लावायचा का? हे लिहायला लागू नये म्हणून एक गोळी. वीस वर्षांची पोर असती तर सुखानं नांदवली असती लेखकानं. पन्नाशीचं माणूस एकदा मेलं की त्याचं प्रेम कसं शोभून दिसतं.

काल मुक्तिसंग्राम दिन, सकाळी झेंडावंदनाला गेले. रात्री जेवून आवरते तोच सुलभावहिनींचा फोन. आवाज एवढा बारीक की आधी मला वाटलं कुणीतरी आजारी पडलं.

"ताई, ते वकिलाचं काय झालं हो पुढं? मेला का?"

"नाही," म्हटलं मी. का म्हटलं कुणास ठाऊक. आणि मग थांबताच येईना. वकील वाचला. नांदेडला आला, वजिराबादेतलं बंद घर उघडलं. ती आधी नाहीच म्हणाली, मग दसऱ्यानंतर आली. त्याला दमा. पहाटे उठून ती जातं घालायची आणि तो कावायचा, झोपू दे म्हणून. उर्दू पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचा, तिला ओ की ठो कळायचं नाही, पण ऐकायची. देवघरावरून भांडण झालं ते चार दिवस चाललं. त्याच्यासाठी पाटा धुऊन चटणी वेगळी वाटायची आणि वाटता वाटता बडबडायची, एवढा मोठा बाप्या नि मिरची खाता येईना.

तिकडून हसण्याचा आवाज आला. वातींच्या दिवशीचा नव्हता तो. मग बराच वेळ काही नाही. मला वाटलं फोन कटला.

"पोरं काय म्हणली त्याची?"

"धाकटा बोलतो. थोरला नाही."

"हं. असंच असतंय," वहिनी म्हणाल्या. त्यांना नाही तर कुणाला कळणार. "आन् जमीन? सातबारा कुणाच्या नावावर केला त्यानं?"

एवढं काही मला जुळवता येईना. म्हटलं, वहिनी, तिथपर्यंत वाचून नाही झालं अजून.

"मग वाचा की लवकर," म्हणाल्या, आणि सूनबाई आली वाटतं, कारण लगेच मोठ्यानं सुरू झाल्या, "हो हो, वाती पुरतील, पुरतील!"