बटणं लावता येतात का?

मिरजेहून आल्यापासून डोक्यात डॉक्टरांचा एकच प्रश्न अडकलाय. अजून माझ्या मानेच्या एमआरआयची फिल्मही पाकिटातून काढली नव्हती आणि विचारलं, "हुकं, बटणं नीट लावता येतात का?" मला विचारता? सांगलीच्या अर्ध्या गावभागाचे ब्लाऊज शिवून हुकं लावते मी! हसून हो म्हटलं खरं, पण तेव्हापासून स्वतःच्याच बोटांवर पाळत ठेवून आहे. मघाशी सुईत दोरा जाईना. चष्म्यामुळे, की...

रिपोर्ट भाऊजींनी वाचला, शेजारच्यांनाही ऐकू जाईल असा. मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यामधली डिस्क, म्हणजे गादी, मागं सरकलीय, हाडाला कंगोरे आलेत, मागचा अस्थिबंध जाड झालाय, त्यामुळं मज्जारज्जूची वाट दोन्हीकडून आवळलीय. 11 मिमी. ही वाट साधारण 17 मिमी असते म्हणे. 13 च्या आत आली की अरुंद, 10 च्या आत फारच. मला मिलिमीटरमधलं काही कळत नाही, म्हणून टेप काढून बघितलं. अर्धा इंचसुद्धा भरत नाही. ब्लाऊजच्या बगलेला याहून जास्त माया सोडते मी, उद्या अंग सुटलं तर उसवता यावं म्हणून. माझ्या मानेत कुणी तेवढीही ठेवली नाही.

लोकांच्या लग्नसराया काढल्या मान खाली घालून, आणि आवळली माझीच. वहिनींची बघा, अजून ताठ. जाऊ दे.

आईच्या हातून कप सुटायचे. अंधारात भिंत धरून चालायची. आम्ही वय म्हणायचो. तो विषय आज नको.

तपासणीत डॉक्टरांनी टाचेला बोटं जुळवत सरळ रेषेत चालायला लावलं. मधल्या बोटाच्या नखाला टिचकी मारून अंगठा हलतो का ते पाहिलं. मग दहा सेकंद मूठ भराभर उघड-मीट करायला सांगितलं. विसाच्या वर गेली, म्हणजे ठीक. लघवीवर ताबा आहे ना, हेही विचारलं. भाऊजी शेजारीच होते. असो. शेवटी म्हणाले, "रज्जूत कुठंही पांढरा डाग नाही, हे या रिपोर्टमधलं सगळ्यात चांगलं वाक्य." डाग म्हणजे रज्जूला इजा झाल्याची खूण. हाताला मुंग्या येतात त्या नस दबल्यामुळं. रज्जूच दबला तर कधीकधी मान दुखतही नाही, आधी बोटं ऐकेनाशी होतात. म्हणून तो प्रश्न. आता दर हुकाला परीक्षा. ब्लाऊज नाजूक की बोटं जड, हे ठरवण्यात अख्खी संध्याकाळ गेली.

नीलूनं मोबाईलवर शोधून वाचून दाखवलं. जपानात काही त्रास नसलेल्या 1211 लोकांच्या मानेचा एमआरआय काढला होता. 2015 साली छापून आलं, त्यातल्या 87.6 टक्के लोकांची डिस्क फुगलेली निघाली. म्हणजे गणपती पेठेतल्या सगळ्यांना त्या नळीत घातलं तरी बहुतेकांचं काही ना काही निघणारच. हळदीची पोती वाहणाऱ्या हमालांचं तर विचारूच नका. माझीच तेवढी कागदावर आली, तीही पैसे मोजून.

ऑपरेशन सध्या नाही. व्यायाम करायचा, सलूनवाल्याकडं किंवा हाडवैद्याकडं मान मोडून घ्यायची नाही (हे भाऊजींकडं बघून सांगितलं), बोटं ऐकेनाशी झाली किंवा चाल डगमगली तर लगेच यायचं. आणि काम डोळ्यांच्या जवळ येईल असं मशीन उंच करायचं.

ते ह्यांनी फारच मनावर घेतलं. चहाही न घेता स्टँडच्या चारी पायांखाली विटा सारल्या. पायमशीन ते, पायडलही सोबत वर चढलं आणि माझे गुडघे पोटाशी आले. "थांब," म्हणाले, आणि स्टुलाखालीही विटा लावल्या. आता मी, मशीन, स्टूल, सगळे एक वीट वर आणि मान होती तेवढीच खाली. हे लांब उभे राहून विचारतायत, "बरं वाटतंय ना?"