प्रिन्स्टन जंक्शन नेमकं कुणाच्या हद्दीत?

आमच्या प्रिन्स्टन जंक्शनला रेल्वे स्टेशन आहे, पोस्ट ऑफिस आहे, ०८५५० हा पिन कोड आहे, आणि याच नावाचं एक स्वयंसेवी अग्निशामक दलही आहे. नगरपालिका तेवढी नाही. स्वतःचा मेयर नाही, पोलीस नाहीत, एका डॉलरचा कर लावायची ताकद नाही. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्याच्या मर्सर काउंटीतल्या (काउंटी म्हणजे आपल्याकडचा जिल्हा) अशा वस्त्यांना सरकारी भाषेत 'अनइनकॉर्पोरेटेड कम्युनिटी' म्हणतात.

कोकणातल्या वाचकांना हे फार समजावून सांगायला नको. ग्रुप ग्रामपंचायतीतली वाडी असते ना, तसलाच प्रकार. वाडीला नाव असतं, देऊळ असतं, एसटीचा थांबा असतो, पण दाखला हवा असेल तर दुसऱ्या गावची पायरी चढावी लागते. आमची ग्रामपंचायत म्हणजे वेस्ट विंडसर टाउनशिप. अशा वाड्या तिच्यात बऱ्याच आहेत: डच नेक, पेन्स नेक, एडिनबर्ग, पोर्ट मर्सर, ग्रोव्हर्स मिल. नावं ऐकून वाटतं प्रत्येक ठिकाणी वेस असेल, चावडी असेल. प्रत्यक्षात एक वस्ती कुठे संपली आणि दुसरी कुठे लागली, हे गाडीतून जाताना कळतसुद्धा नाही.

वाडी वसली रेल्वेमुळे. न्यूयॉर्क-फिलाडेल्फिया लोहमार्ग आधी डेलावेअर-रॅरिटन कालव्याच्या काठाने, प्रिन्स्टन या शेजारच्या विद्यापीठाच्या गावाच्या पायथ्यापासून जायचा. मग तो सरळ करायचा म्हणून पूर्वेला सरकवला आणि प्रिन्स्टन बाजूला पडलं. त्या गावासाठी १८६५ साली एक फाटा काढला. तो जिथे फुटला ते हे जंक्शन. फाट्यावरची गाडी अजून धावते. तिचं लाडकं नाव 'डिंकी', अंतर २.७ मैल, म्हणजे जेमतेम सव्वाचार किलोमीटर. डब्यात बसून जॅकेटची चेन उघडेपर्यंत प्रिन्स्टन येतं. नियमित धावणाऱ्या प्रवासी गाड्यांमधला अमेरिकेतला सगळ्यात छोटा मार्ग म्हणून तिचं कौतुक होतं.

बाकी भूगोल सपाट. रूट १ हा हमरस्ता साधारण एका भूशास्त्रीय सीमेवरून जातो: पलीकडे प्रिन्स्टनच्या बाजूला खडकाळ चढ, अलीकडे आमच्याकडे किनारी मैदानाची मऊ, ओलसर माती. म्हणून इकडे शेती होती, आणि शेतं विकली गेल्यावर घरं बांधायलाही सपाट जमीन आयती मिळाली. बेअर ब्रूकसारखे बारके ओढे घरांच्या मागून वाहतात. जोराचा पाऊस झाला की तळघरातला पाणी उपसायचा पंप चालू आहे का, हे बघायला आधी खाली धावायचं. गावाला बाजारपेठ म्हणावी अशी नाहीच. रूट ५७१ च्या कडेला बँक, ड्राय क्लीनर, पिझ्झा अशी दुकानांची रांग, समोर भलंमोठं पार्किंग. उन्हाळ्यात शनिवारी सकाळी स्टेशनजवळच्या पार्किंगमध्ये शेतकरी बाजार भरतो, तेवढ्यापुरतं ते गाव वाटतं.

आता लोकसंख्या. २०१० च्या जनगणनेत प्रिन्स्टन जंक्शनची माणसं भरली २,४६५. आमच्याकडच्या कुणाला हा आकडा सांगितला की 'अगदीच खेडं की हो!' असं उत्तर येतं. पण जनगणना खात्याने ही हद्द केवळ मोजणीच्या सोयीसाठी आखलेली आहे. ज्या वस्तीला स्वतःची पालिका नाही, तिच्याभोवती नकाशावर एक रेघ ओढून आतली डोकी मोजायची. तिला ते 'सेन्सस डेझिग्नेटेड प्लेस' म्हणतात. त्या रेघेला कायद्याने काही किंमत नाही. रेघेबाहेरचे कित्येक जण तोच पिन कोड लिहितात, त्याच स्टेशनवरून ऑफिस गाठतात आणि स्वतःला प्रिन्स्टन जंक्शनचेच म्हणवतात. अख्ख्या टाउनशिपची लोकसंख्या २०१० मध्ये २७,१६५ होती, २०२० मध्ये २९,५१८ झाली. माझ्या मते खरा आकडा हाच.

आणि एक जमात कुठल्याच आकड्यात सापडत नाही: आई-बाबा आणि सासू-सासरे. इथली जनगणना १ एप्रिल ही तारीख धरून होते आणि माणसाला त्याच्या नेहमीच्या राहत्या जागी मोजते. एच-१बी वाले मोजले जातात, ग्रीन कार्डवाले मोजले जातात, व्हिजिटर व्हिसावर आलेले नाहीत. बर्फ वितळून हवा जरा बरी झाली की ही मंडळी यायला लागतात. संध्याकाळी फुटपाथवर बघावं तर साडीवर स्वेटर, पायात सुनेचे जुने स्पोर्ट्स शूज, आणि समोरून येणाऱ्या अनोळखी जोडप्याला पहिला प्रश्न, 'तुम्ही कुठले?' त्यांना पुणे, नाशिक, फार तर इंदूर हे उत्तर अपेक्षित असतं. वेस्ट विंडसरमध्ये निम्म्याच्या आसपास लोक आशियाई वंशाचे, त्यात भारतीय आणि चिनी भरपूर. त्यामुळे प्रश्न सहसा वाया जात नाही.

एवढे लोक इथेच का आले, याचं पहिलं कारण शाळा. न्यूयॉर्कची गाडी आणि रूट १ वरच्या औषध कंपन्या त्यानंतर. शाळांचा नकाशा मात्र आणखीच वेगळा आहे. वेस्ट विंडसर आणि शेजारचं प्लेन्सबरो यांचा शालेय जिल्हा एक, पण प्लेन्सबरो मिडलसेक्स काउंटीत! मुलं एकमेकांना गाव विचारत नाहीत, 'साउथ की नॉर्थ?' म्हणजे कुठल्या हायस्कूलला, एवढंच विचारतात. घर घेणारे तर आधी शाळेची हद्द बघतात, घर नंतर. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सर्वांत जड. फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर असे चार हप्ते भरायचे. बिलावर काउंटी, शाळा, टाउनशिप, वाचनालय, मोकळ्या जागा असे रकाने असतात आणि सगळ्यात मोठा घास शाळेचा. त्या बिलावर प्रिन्स्टन जंक्शन हे नाव शोधलं तर फक्त आमच्या पत्त्यात सापडतं.

श्रेयाच्या बाबतीतही तेच. रूट १ वरचा मार्केटफेअर मॉल आणि कार्नेगी सेंटरच्या कचेऱ्या आमच्या टाउनशिपमध्ये, पत्ता लावतात 'प्रिन्स्टन'. नोबेल मिळालेले गणितज्ञ जॉन नॅश राहायचे प्रिन्स्टन जंक्शनला, नाव झालं प्रिन्स्टनचं. गंमत म्हणजे १८३८ साली प्रिन्स्टन टाउनशिप तयार केली तेव्हा तिच्यात घातलेल्या जमिनीत वेस्ट विंडसरचाही तुकडा तोडून घेतलेला होता.

एकदा मात्र आमच्याकडच्या वाडीचं नाव देशभर गाजलं. ३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्सच्या, बातम्यांच्या थाटात सादर केलेल्या रेडिओ नाटकात मंगळावरचे प्राणी उतरले ते ग्रोव्हर्स मिलला. लेखकाने नकाशावर पेन्सिल टाकली आणि ती तिथे पडली, असं सांगतात. लोक खरंच घाबरले, जरी वर्तमानपत्रांनी दुसऱ्या दिवशी तिखटमीठ जरा जास्तच लावलं. १९८८ मध्ये तिथल्या बागेत तळ्याकाठी स्मारक उभारलं. पाहुण्यांना आम्ही हमखास तिथे नेतो. ते बदकं बघतात आणि 'एवढंच?' म्हणतात.

मराठी वाचकांसाठी एक बातमी राहिली: २०१८ मध्ये वेस्ट विंडसरच्या मेयरपदी बसले हेमंत मराठे. आडनाव सांगितलं की आईला फोनवर दुसरं काही ऐकायचं नसतं.

कधी इकडे आलात तर नेवार्क विमानतळाच्या स्टेशनवरून ट्रेंटनकडे जाणारी गाडी पकडा आणि तिकीट प्रिन्स्टन जंक्शनचं काढा, प्रिन्स्टनचं नको. विमानाचा शीण असतो, डोळा लागतो, तेवढं सांभाळा. पुढचं स्टेशन हॅमिल्टन, आणि तिथला मेयर वेगळा.