तुम्ही विचारलंत म्हणून: रक्त पातळ असताना स्टेंट बुजतोच कसा?

‘रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू आहेत, मग स्टेंट पुन्हा बुजेलच कसा?’ उत्तर तोंडपाठ झालंय, तरी दर वेळी वाद होतो.

रक्त पातळ होत नाही, गुठळी धरायची त्याची ताकद कमी होते. स्टेंट, म्हणजे धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी, गुठळीनेही बुजतो आणि धमनीच्या भिंतीतल्या मृदू स्नायूपेशी महिनोन्‌महिने वाढत आत आल्यानेही. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल गुठळीसाठी. दुसऱ्या कामाला त्यांच्यावर विसंबू नका.

‘पण हेपारिन पेशी रोखतं ना?’ हेपारिन म्हणजे टोचून द्यायचं गुठळीविरोधी औषध. ते पेशी रोखतं, आणि घोळ तिथूनच सुरू होतो. 1977 साली क्लोज आणि कार्नोव्स्की या संशोधकांना दिसलं, की जखमी केलेल्या उंदराच्या धमनीत हेपारिनमुळे या पेशींची वाढ दबते. त्याच वर्षी झुरिचमध्ये डॉक्टर ग्रुंट्झिगने फुग्याने पहिली हृदयधमनी उघडली, हीच अँजिओप्लास्टी. पुढे गुठळी रोखण्याचा गुण काढून टाकलेलं हेपारिनही पेशी रोखतं, हे कळलं. म्हणजे दोन गुण वेगळे. प्रयोगशाळेतल्या डिशमध्ये पेशी दोन दिवस जेमतेम सीरमवर (पेशी वाढवणाऱ्या रक्तद्रवावर) उपाशी ठेवा, मग 10 टक्के सीरमसोबत मिलिलिटरला 100 मायक्रोग्रॅम हेपारिन द्या. वाढ मंदावते. हेपारिन धुऊन काढलं की पुन्हा सुरू, म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. मेलेल्या वेगळ्या न मोजता निष्कर्ष काढणारे फसतात.

आता मात्रा बघा. ते 100 मायक्रोग्रॅम म्हणजे साधारण 18 युनिट. रुग्णाच्या रक्तात मिलिलिटरला 0.3 ते 0.7 युनिट ठेवतात. पंचवीसपट आणि वर! 1994 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अँजिओप्लास्टीनंतर महिनाभर रोज 40 मिलिग्रॅम एनॉक्सापारिन (हेपारिनचाच एक प्रकार) टोचलं, धमन्या तशाच पुन्हा अरुंद झाल्या. पूर्वी मी सगळं खापर मात्रेवर फोडत असे. आता तसं म्हणवत नाही. उंदराची धमनी निरोगी होती, माणसाची आधीच किटलेली. नेमकं कुठे बिनसलं, यावर मी आजही पैज लावणार नाही.

वॉरफॅरिन या गुठळीविरोधी गोळीची गोष्ट निराळीच. ते व्हिटॅमिन के अडवतं, त्यामुळे स्नायूपेशी बनवतात ते चुना रोखणारं मॅट्रिक्स ग्ला प्रथिन अर्धवट राहतं. वाढ थांबणं दूर, भिंतीत कॅल्शियम साचण्याचीच भीती.

पेशींना थोपवलं ते स्टेंटवर लेपलेल्या सिरोलिमस या औषधाने. पण ते आतलं अस्तर भरून यायलाही उशीर करतं. उघड्या धातूवर गुठळी धरते, म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या दोन गोळ्या जास्त दिवस. तेव्हा दात काढायचाय म्हणून त्या परस्पर बंद करू नका, आधी हृदयाच्या डॉक्टरांना फोन करा.